रोटरी इंजिनच्या जुन्या मोटरसायकली: कुणी बाळगल्यात का?

चाकोरी

माझ्याकडे १९७५ची सुझुकी आरई५ आहे. अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न एकच, "याचे सील टिकतात का हो?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा असं इंजिन उघडलेलं सोडाच, चालू असतानाही ऐकलेलं नसतं. पण सील (आतल्या फिरत्या भागाच्या टोकांवरच्या, गळती रोखणाऱ्या पट्ट्या) जातात एवढं पक्कं ठाऊक असतं.

माझं मत असं आहे की यातल्या कितीतरी गाड्या इंजिन वाईट होतं म्हणून गेल्या नाहीत, पिस्टनच्या गाडीसारख्या वापरल्या म्हणून गेल्या. माझीसुद्धा तशीच गेलेली होती. आणली तेव्हा इंजिन फिरत होतं, पण कॉम्प्रेशनच नव्हतं, म्हणजे आत दाब धरतच नव्हतं. टाकी काढून केबली तपासायला लागलो तर ऑईल पंपाची केबल मोकळी. तुटलेली नव्हती. व्यवस्थित गुंडाळी करून तांब्याच्या तारेने फ्रेमला बांधून ठेवली होती. आधीच्या एका मेकॅनिकने धूर येतो म्हणून ती काढली होती, असं नंतर कळलं. त्यामुळे मूठ कितीही पिळली तरी पंप आयडलिंगला लागतं तेवढंच तेल सोडत राहिला. इंजिन उघडल्यावर हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या डब्याच्या, आतल्या भिंतीवरून नख फिरवून पाहिलं. मोजपट्टीच्या कडेवर नख फिरवल्यासारखं खरखर लागत होतं. सील कोरडे पडले, थरथरायला लागले आणि त्यांनी भिंतीवर लाटा उमटवल्या. हे सगळं एका केबलीपायी.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमरेत किंचित दाबलेला लंबगोल डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. तो जागच्या जागी गरगर फिरत नाही, डोलत डोलत फिरतो, कारण तो शाफ्टच्या मध्यापासून बाजूला सरकवलेल्या भागावर बसवलेला असतो. फिरताना त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकून असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे पडतात आणि ते आलटून पालटून मोठे-लहान होत राहतात. ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं ही चारही कामं प्रत्येक कप्प्यात होतात, पण डब्याच्या वेगवेगळ्या जागी. व्हॉल्व नाहीत, कॅम नाही, वर-खाली होणारं काही नाही. रोटरची एक फेरी होईतो शाफ्टच्या तीन होतात.

यातच दुखणंही आहे. पिस्टनच्या इंजिनमध्ये जिथे स्फोट होतो तिथेच पुढच्या खेपेला थंड मिश्रण येतं. इथे डब्याची एक बाजू कायम आगीची आणि दुसरी कायम थंड. एकच धातूचा डबा एकीकडे फुगतो, दुसरीकडे नाही, आणि टोकांवरच्या सीलांना या वाकड्या झालेल्या भिंतीवरून मिनिटाला हजारो वेळा घसरत जायचं असतं. त्यांना तेल मिळणं जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच आरई५मध्ये या सीलांसाठी वेगळी तेलाची टाकी आणि वेगळा पंप आहे. तेल जळतं, कारण ते जळण्यासाठीच दिलेलं आहे. कुणी सांगितलं की गाडी तेल पिते, दुरुस्त करून घ्या, तर हात लावू देऊ नका.

ज्यांनी या गाड्या चालवल्यात, उघडल्यात, त्यांनी भर घाला. घ्यायचा विचार असेल त्यांनी खुशाल विचारा.

ठिणगी

छान धागा. माझी जुनी शंका आहे. आरई५ची क्षमता ४९७ सीसी आणि ताकद ६२ हॉर्सपॉवर असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या काळच्या पाचशेच्या मानाने हे खूपच झालं. मग तिचं वजन, पेट्रोलचा खर्च, सगळं मोठ्या गाडीसारखं का?

सहावा_गियर

ठिणगीताई, शंका अगदी मुद्द्याची आहे. या हिशेबावरून शर्यतींच्या नियमांमध्येही पुष्कळ वाद झाले.

४९७ हे एका कप्प्याचं माप आहे. शाफ्टच्या दर फेरीला एक कप्पा पेटतो. आता फोर-स्ट्रोक सिंगल, म्हणजे एका सिलिंडरचं पिस्टन इंजिन, घ्या. त्यात शाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट. म्हणजे दोन फेऱ्यांत पाचशेचं पिस्टन इंजिन पाचशे सीसी हवा आत घेतं आणि आरई५ घेते ९९४. हवा-पेट्रोलच्या हिशेबाने ती लिटरची गाडी आहे. कुणी पुढे जाऊन म्हणतं की तिन्ही कप्पे मोजा, दीड लिटर होईल. पण तिन्ही कप्पे पेटायला शाफ्टला तीन फेऱ्या लागतात, त्यामुळे फोर-स्ट्रोकशी तुलना करताना ते मोजमाप मला पटत नाही.

हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. लिटरच्या इंजिनकडून ६२ म्हणजे काही विशेष नाही. उलट इंजिन बरंच निवांत ठेवलेलं आहे, खालच्या आरपीएमपासून ओढतं. आणि पेट्रोल जास्त जातं त्याला आणखी एक कारण आहे. जळण्याचा कप्पा लांबट आणि चपटा असतो. ज्योत मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत कप्पा पुढे सरकलेला असतो. न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. म्हणून यांचे एक्झॉस्ट इतके तापतात. आरई५च्या पाइपांना दुहेरी कवच आहे आणि पुढून वारा आत घ्यायला तोंडं ठेवली आहेत, ती शोभेसाठी नाहीत.

कोनाडा

वाचतोय. बाकीच्या गाड्यांबद्दल थोडी भर.

या इंजिनची मूळ कल्पना फेलिक्स वांकेलची. ती जर्मनीच्या एनएसयू कंपनीत १९५७ला पहिल्यांदा चालू इंजिनाच्या रूपात उतरली. आज आपण ओळखतो ती रचना, म्हणजे डबा स्थिर आणि आत रोटर, ही मात्र त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्केची. वांकेलच्या मूळ इंजिनमध्ये डबासुद्धा फिरायचा. प्लग बदलायचा तर इंजिन खोलावं लागे.

एनएसयूकडून परवाने घ्यायला पुढे रांगच लागली. सुझुकीने १९७०मध्ये घेतला. यामाहाने १९७२च्या टोकियो प्रदर्शनात दोन रोटरची आरझेड२०१ मांडली, पण विकायला काढली नाही. पूर्व जर्मनीच्या एमझेडने तर साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रयोग केले होते.

लोकांना प्रत्यक्ष विकत मिळालेली पहिली रोटरी मोटरसायकल म्हणजे जर्मनीची हरक्युलिस डब्ल्यू-२०००, १९७४ची. काही देशांत ती डीकेडब्ल्यू नावाने विकली गेली. तिचं इंजिन फिश्टेल उंट झाक्सचं, मुळात स्नोमोबाइलसाठी (बर्फावरून चालणारी गाडी) केलेलं, २९४ सीसी, पुढे भलामोठा पंखा. सुरुवातीच्या गाड्यांत टू-स्ट्रोकसारखं पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून घालावं लागे, नंतर पंप आला.

आणि व्हॅन व्हीन ओसीआर १००० विसरून चालणार नाही. हॉलंडच्या हेंक व्हॅन व्हीनने काढलेली. इंजिन कोमोटरचं, म्हणजे एनएसयू आणि सिट्रोएनच्या भागीदारीतलं, दोन रोटर, १०० हॉर्सपॉवर. चाळीसच्या आतच गाड्या झाल्या. मी एक जवळून पाहिली आहे, बंद अवस्थेत. नुसतं उभं राहून बघितलं तरी लक्षात येतं की मोटारीचं इंजिन दोन चाकांच्या मध्ये बसवलेलं आहे.

मंदगती

विषय थोडा बाजूचा आहे, पण रोटरी म्हटलं की मला आधी मेगोला आठवते. म्युनिकची, १९२१ ते १९२५ मधली. तिचं रोटरी निराळं. पाच सिलिंडर, तेही पुढच्या चाकात, आणि चाकाबरोबर सिलिंडरही फिरायचे. जुन्या विमानांच्या इंजिनासारखं. ६४० सीसी. क्लच नाही, गियर नाहीत. चौकात थांबायचं तर इंजिन बंद करायचं आणि पुन्हा ढकलून चालू करायचं. वांकेलशी तिचा काही संबंध नाही, पण जुन्या पुस्तकात रोटरी मोटरसायकल असा उल्लेख आला तर कुठली ते बघून घ्यावं लागतं. मी स्वतः एकदा फसलो होतो म्हणून सांगितलं.

तेलकट

चाकोरी, केबलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. पण तेल कुठलं घालता ते लिहिलं नाहीत आणि खरा वाद तिथेच आहे.

मी सीलांच्या टाकीत टू-स्ट्रोक ऑईल घालतो. इंजिन ऑईल जळण्यासाठी बनवलेलंच नाही. त्यातली द्रव्यं जळली की राख मागे राहते आणि ती नेमकी सीलांच्या खाचांत जाऊन बसते. टू-स्ट्रोक ऑईल जळण्यासाठीच असतं. शिवाय मी पेट्रोलमध्येही थोडं टाकतो. पंप उद्या बंद पडला तरी सील कोरडे पडायला नकोत.

चाकोरी

तेलकट, टाकीत मी साधं खनिज इंजिन ऑईल घालतो, सिंथेटिक नाही. माझं कारण पंपाशी जोडलेलं आहे. टू-स्ट्रोक ऑईल पातळ असतं. पंप एका जाडीच्या तेलासाठी लावलेला असतो. पातळ तेल घातलं की किती जातंय ते पुन्हा मोजायला हवं. तुम्ही मोजलंय का?

राखेचा मुद्दा खरा आहे. दुसऱ्यांदा इंजिन उघडलं तेव्हा खाचांत काळा थर होताच. पण दोन्हीकडून तेल द्यायला मला भीती वाटते. जास्त तेल म्हणजे जास्त कार्बन, आणि कार्बनने अडकलेला सील हा झिजलेल्या सीलाइतकाच निरुपयोगी.

तेलकट

मोजलंय. पंपाची नळी काढून बाटलीत धरली आणि ठरलेल्या आरपीएमवर ठरलेला वेळ इंजिन चालवलं, तेवढा वेळ मिश्रणाचं पेट्रोल टाकीत होतं. फरक पडतो, पण पंपाच्या सेटिंगमध्ये भरून काढता येतो. माझं हाउसिंग आजही आरशासारखं आहे. तुमचंही नीट चाललंय, तेव्हा तुम्ही बदलू नका. नव्याने घेणाऱ्याने मात्र जे काही घालायचं ते मोजून घालावं, एवढं आपल्या दोघांचंही मत एक आहे असं समजतो.

चाकोरी

हो, त्यावर एकमत.

सहावा_गियर

थ्रॉटलबद्दल कुणी लिहिलंच नाही. आरई५च्या मुठीशी एकूण पाच केबलींचा कारभार आहे. कार्ब्युरेटर दोन टप्प्यांचा. आधी लहान वाट उघडते आणि मूठ पुढे पिळली की मोठी. त्यासाठी इनटेकमध्ये वेगळी झडप. शिवाय ऑईल पंप. हे सगळं एका मुठीवर. यातली एक केबल दोन मिलिमीटर ढिली राहिली तरी गाडी मधल्या आरपीएमला अडखळते आणि माणूस दोष देतो सीलांना. मी सगळ्या केबली काढून, धुऊन, तेल घालून पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा लावल्या. पूर्ण एक रविवार गेला. त्यानंतरची पहिली फेरी मी विसरणार नाही. कंप म्हणून काही नाहीच. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसतो. पिस्टनच्या मोठ्या ट्विनवर मी हे कधी अनुभवलं नव्हतं.

ठिणगी

इतकं सगळं असून ती चालली का नाही? १९७६लाच बंद झाली ना?

कोनाडा

वेळ चुकली हे मोठं कारण. गाडी १९७३च्या टोकियो प्रदर्शनात दाखवली आणि त्याच ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. १९७४ला विक्रीला आली तेव्हा गिऱ्हाईक लिटरला किती जाते हे आधी विचारत होतं. त्यात दिसायलाही वेगळी. इटालियन डिझायनर जॉर्जेतो जुजारोने मीटर एका नळकांड्यात बसवले होते, मागचा दिवाही तसाच गोल. १९७६च्या गाडीत सुझुकीने ते काढून आपल्याच जीटी७५० या गाडीसारखे साधे गोल मीटर लावले. मला स्वतःला नळकांडंच आवडतं. चावी फिरवली की त्याचं झाकण टपकन वर उघडतं. तेवढ्यासाठी मी ओळखीच्यांना चावी फिरवायला लावायचो.

काळी_टाकी

ब्रिटनच्या नॉर्टनशिवाय हा धागा पुरा होणार नाही. माझ्याकडे कमांडर आहे, पाण्याने थंड होणारी.

तिची सुरुवात वर आलेल्या त्याच स्नोमोबाइलच्या इंजिनपासून आहे. बीएसए या ब्रिटिश कंपनीत (ती पुढे नॉर्टनच्या गटात गेली) डेव्हिड गारसाइड नावाच्या इंजिनिअरने ते झाक्सचं २९४ सीसीचं इंजिन एका बीएसएच्या फ्रेममध्ये बसवलं. त्या इंजिनमध्ये रोटर थंड करायला आत येणारं मिश्रणच रोटरच्या पोटातून फिरवत. रोटर थंड होतो, पण मिश्रण तापतं, तापलं की विरळ होतं आणि ताकद जाते. गारसाइडने दोन रोटर जोडून ५८८ सीसी केलं आणि मिश्रणाऐवजी नुसती हवा रोटरमधून नेली. ती हवा फ्रेमच्या पोकळ पेटीत सोडली आणि तिथे थोडी निवल्यावर कार्ब्युरेटरला दिली. फ्रेम हीच हवेची टाकी! बेअरिंगवरून उडालेलं तेलही त्या हवेबरोबर येतं आणि सीलांना मिळतं. मला या एका कल्पनेसाठी त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पोलिसांसाठी इंटरपोल २, मग १९८७ला शंभरच क्लासिक, मग कमांडर, मग १९९०ची एफ१. आणि शर्यतीत १९९२ची मॅन बेटावरची सीनियर टीटी. स्टीव्ह हिस्लॉप नॉर्टनवर, कार्ल फोगार्टी यामाहावर. सहा फेऱ्या, शेवटी फरक ४.४ सेकंद. नॉर्टनने सीनियर टीटी त्याआधी जिंकली होती ती १९६१ला, माइक हेलवूडने. ज्या इंजिनला लोक मेलेलं म्हणत होते त्याने मॅन बेटाच्या त्या रस्त्यावर, जगातल्या सगळ्यात कठीण शर्यतीत, हे केलं. सील टिकत नाहीत म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. थ्रॉटल सोडला की गाडी लगेच मंदावेल असं धरून चालू नका. टू-स्ट्रोक चालवलेल्यांना याची सवय असते. बाकीच्यांनी पहिले काही दिवस ब्रेक लवकर धरावेत.

मंदगती

आता मुद्द्याचं. मी विचारत नव्हतो कारण नक्की नव्हतं. एका ठिकाणी आरई५ आहे, वीस वर्षं उभी. मालक म्हणतो इंजिन मोकळं आहे. येत्या रविवारी बघायला जातोय. काय बघू?

चाकोरी

पहिली गोष्ट, तिथे चालू करायचा हट्ट धरू नका आणि मालकालाही करू देऊ नका. वीस वर्षांचं कोरडं इंजिन सेल्फवर फिरवायचं नाही.

प्लग काढा. गाडी स्टँडवर घ्या, वरचा गियर टाका आणि मागचं चाक हाताने चालवायच्या दिशेने हळू फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा. शाफ्टच्या दर फेरीला एक फुसका येईल. तीन फेऱ्यांत तीन, म्हणजे रोटरच्या तीन बाजूंचा प्रत्येकी एक. तिन्ही सारखे हवेत. जोर किती यापेक्षा सारखेपणा बघा. नेहमीचा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो, कारण त्यातला व्हॉल्व तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. एक बाजू मेलेली असली तरी गेज चांगला दाखवेल.

एक कमी आला तर निराश होऊ नका. दोन लागोपाठच्या बाजू कमी असतील तर त्यांच्या मधल्या टोकाचा सील गेलेला असण्याची शक्यता जास्त, कारण एक टोक दोन कप्प्यांना वाटून असतं. एकच बाजू कमी असेल तर रोटरच्या सपाट अंगावरचा सील नुसता अडकलेला असू शकतो.

काळी_टाकी

कुलंटही (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बघा. पाण्याऐवजी गंजाचा गाळ निघाला तर आतल्या वाटा बुजल्या असतील, आणि या इंजिनात एका बाजूने तापणं किती महागात पडतं ते वर आलंच आहे.

तेलकट

ऑईल पंपाची केबल जागेवर आहे का, तेही. :)

मंदगती

जाऊन आलो. केबल जागेवर आहे. कुलंट हिरवट पण स्वच्छ. जुजारोच्या नळकांड्याचं झाकण तडकलेलं आहे, बाकी मीटर चांगले.

चाक फिरवलं. पहिला फुसका चांगला, अंगठा उडवणारा. दुसरा तसाच. तिसरा जवळजवळ नाहीच. पुन्हा पुन्हा फिरवलं, तेच. दोन जोरात आणि एक गळका. घेतली तरीही.

चाकोरी

अभिनंदन! एकच बाजू, म्हणजे आशा आहे. प्लगच्या भोकातून थोडं पातळ ऑईल सोडा, चाक एकदा फिरवा आणि तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई करू नका. रोज दोन-तीनदा हाताने फिरवा, सेल्फ नाही.

मंदगती

आठ दिवस तेल सोडतोय. पाचव्या दिवसापर्यंत काही फरक नव्हता आणि मी इंजिन खोलायची तयारी म्हणून पॅकिंग शोधायला लागलो होतो. काल रात्री अंगठ्याखाली काळं तेल उडालं, त्यात कार्बनचे बारीक कण. आज सकाळी फिरवलं. एक, दोन, तीन. तिसरा अजून किंचित हलका आहे, पण आहे. बायकोलाही अंगठा लावायला लावला, कारण मला वाटलं मीच मनाने धरून चाललोय. तिने डोळे मिटून मोजले आणि म्हणाली, तीन.